वरच्या दाढेची तार

तेर गावाच्या पुढं तेरणा नदीच्या काठानं जी दहा-बारा गावं आहेत, त्यांतल्या कुठल्याही गावात जा. भिंतीवरचं जे अक्षर पावसापाण्याला न भिता ताठ उभं दिसेल, ते राजपाल पेंटरचं समजा. शाळेच्या कमानीवरचं नाव त्याचं, विहाराच्या निळ्या भिंतीवरचं अशोकचक्र त्याचं, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागं लिहिलेलं 'आईचा आशीर्वाद' तेही त्याचंच. फ्लेक्स आले तसे वाढदिवसाचे बोर्ड हातचे गेले. पण फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत फाटतो आणि माझं अक्षर माझ्या मागंही राहील, असं तो सांगतो. कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

त्याला कुणी शिकवलं नाही. एसटीच्या पाट्या बघत बघत तो पेंटर झाला. त्याचं एक ठरलेलं बोलणं होतं : "अक्षर वाचायचं नसतं, बघायचं असतं. वाचाय लागलं की हात अर्थामागं पळतो, आन वळण बिघडतंय."

मग वाचायचं कुणी? ते काम त्याच्या बायकोचं, बनाबाईचं. ती सातवी शिकलेली. सव्वीस वर्षं ती त्याच्या सुतळीचं दुसरं टोक धरत आली होती. नीळ लावलेली सुतळी भिंतीवर ताणायची, मधे चिमटीनं ओढून सोडायची, की भिंतीवर सरळ निळी रेघ उमटते. त्या रेघेवर राजपाल अक्षरं बसवायचा आणि बनाबाई मागं उभी राहून ती वाचायची. एकदा ती माहेरी लग्नाला गेली होती, त्या दिवशी त्यानं शाळेच्या भिंतीवर एकच सुविचार लागोपाठ दोनदा लिहून ठेवला. वळण मात्र दोन्हींचं इतकं देखणं होतं, की हेडमास्तरांनी दोन्ही राहू दिले.

असा हा माणूस. त्याचं सगळं धन म्हणजे उजवा डोळा. डावा मिटून उजव्यानं नेम धरला, की वीस फुटांवरून ओळ सूतभर खाली गेलेली त्याला दिसायची. आणि त्याच बाजूची वरची दाढ किडलेली होती.

काम करताना एक ब्रश हातात आणि दुसरा दातांत आडवा, ही त्याची सवय. संक्रांतीच्या सुमारास ब्रश चावता चावता ती दाढ पहिल्यांदा ठणकली. त्यानं ब्रश डाव्या बाजूला घेतला. मग भाकरी डाव्या बाजूला घेतली. मग पाणीसुद्धा मान वाकडी करून डाव्या बाजूनं पिऊ लागला. बनाबाई सगळं बघत होती.

"धाराशिवला जाऊन दाखवा की एकदा. सकाळी गेलं तर दुपारला माघारी येतंय माणूस."

"दाखवलं की काढा म्हनतेत."

"मग काढायची."

"वरची हाय ती. वरच्या दाढेची तार डोळ्याला असती. पिराजीमामाचं काय झालं म्हाईत न्हाय का तुला?"

पिराजीमामा म्हणजे राजपालचा सख्खा मामा. त्यानं वरची दाढ काढली आणि वर्षाच्या आत त्याची नजर गेली, ही गोष्ट त्यांच्या घरात पंचवीस वर्षं चालत आलेली होती. बनाबाईनं मामाला म्हातारपणी स्वतः धरून डोळ्यांच्या शिबिराला नेलेलं होतं. तिथं डॉक्टरनं काय सांगितलं तेही तिला पाठ होतं.

"मामाला मोतीबिंदू व्हता. दोन्ही डोळ्यांत व्हता. दाढ तर एकाच बाजूची काढली व्हती."

"एका तारेचा दुसरीला धक्का बसतोय."

आता याच्यावर माणसानं काय बोलावं? बनाबाई लवंगतेलाचा बोळा करून द्यायची. मेडिकलमधून आणलेल्या दुखीच्या गोळ्या तो शेंगदाण्यासारख्या खायचा, आणि तिनं काही म्हटलं की म्हणायचा, "अगं, डोळ्यावर पोट हाय माझं. दाढेवर न्हाय."

चैत्र संपता संपता एका सोमवारी दाढ अशी ठणकली, की तो भिंतीला डोकं टेकून बसून राहिला. चहासुद्धा नको म्हणाला. आणि मंगळवारी सकाळी ठणका एकदम बंद. जसा कुणी बटण दाबून दिवा घालवावा. राजपालनं उजव्या बाजूनं ठेचा-भाकरी खाल्ली, ढेकर दिला आणि बायकोकडं बघितलं.

"गेली दुखी. म्या म्हनलो नव्हतो?"

"दुखी गेली का दाढ मेली?"

"तुला समदं मेल्यालंच दिसतंय."

बनाबाईला कुठंतरी खटकलं होतं. असंच काहीतरी तिनं वाचलेलं होतं. पण कुठं, ते आठवत नव्हतं. आणि ज्याचं दुखणं थांबलंय त्याला दवाखान्यात चला म्हणणं म्हणजे जेवून उठलेल्याला ताट वाढणं. तो दिवस तिनं तसाच जाऊ दिला. त्या एका दिवसाचा राग तिला पुढं फार दिवस येत राहिला, स्वतःचाही आला.

बुधवारी गाल सुजला. सकाळी लिंबाएवढा, दुपारी त्याच्या दुप्पट. वरून तांबूस आणि हात लावला तर गरम. राजपालनं विटेचा तुकडा चुलीत तापवला, फडक्यात गुंडाळला आणि गालावर धरून बसला.

"शेकू नगा. आदीच आग हाय तिथं."

"ऊबीनं पिकंल आन बाहीर पडंल."

"बाहीर कुठून पडंल? डोळ्यातनं?"

त्यानं विटेचा तुकडा पुन्हा चुलीत सारला. शेजारचा वीरभद्र, ज्याची गावात जीप आहे, तो उन्हं उतरल्यावर डोकावला आणि उंबऱ्यातच थांबला.

"पेंटर, गाल हाय का गुळाची ढेप? चला, जीप दारात हाय. सोडतो धाराशिवला."

"विहाराचं काम अर्धं हाय. उद्या बघू."

"उद्या" हा शब्द बनाबाईनं त्या वर्षात किती वेळा ऐकला असेल! शेतातलं तण मोजावं तसा. उपटला की दुसऱ्या दिवशी तिथंच उगवलेला.

गुरुवारी सकाळी त्याला ताप होता. तोंड बोटभरसुद्धा उघडेना. चहा पाजला तर ओठाच्या कोपऱ्यातून गळून शर्टावर आला. सूज गालावरून वर चढली होती आणि उजवा डोळा फुगलेल्या पापण्यांच्या फटीत जाऊन बसला होता. बनाबाईनं पिशवीत दोन लुगडी भरली, त्याची टोपी भरली आणि ती दारात उभी राहिली.

"उठा. धाराशिवला जायचं."

"उपकेंद्रापतुर येतो. सिस्टरकडून तापाची गोळी घिऊ."

"गोळीनं भागनार न्हाय."

"मग येतच न्हाय."

निदान घरातून तरी निघेल म्हणून ती हो म्हणाली. उपकेंद्र वेशीजवळ. दाराला कुलूप, आणि कुलपावर कागद : वस्तीवर लसीकरण, दोन वाजता परत. दोघं पायरीवर टेकले. बनाबाईला रडू येत होतं, पण राग त्याच्याआधी येत होता, म्हणून रडायला सवड नव्हती. ती समोरच्या कंपाउंडच्या भिंतीकडं नुसती बघत राहिली.

आणि तिला आठवलं, कुठं वाचलेलं ते.

दिवाळीनंतर हीच भिंत त्यांनी रंगवली होती. सुतळी तिनं धरली होती. अक्षरं त्यानं काढली होती, पिवळ्यावर काळी, वरच्या ओळीला लाल. ती उठली, भिंतीजवळ गेली आणि एकेका ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागली.

"'दात दुखत असताना ही लक्षणं दिसली तर वाट पाहू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.' ऐकायलाव का? 'गालावरची सूज डोळ्याकडं किंवा गळ्याकडं सरकणं.' सरकली. 'ताप येणं.' आलाय. 'तोंड पूर्ण न उघडणं, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होणं.' तोंड उघडत न्हाय तुमचं. आन ह्ये खाली बघा : 'ठणका अचानक थांबला म्हणजे दात बरा झाला असं नाही.' मंगळवारी काय म्हनत हुता? कुणी लिवलंय ह्ये? तुमी लिवलंय. तुमच्या हातानं."

राजपाल भिंतीकडं बघत होता. बराच वेळ बघितलं त्यानं. मग आवळलेल्या दातांतून म्हणाला, "तिसरी वळ जरा खाली गेलीया. तू सुतळी सैल धरली व्हतीस."

बनाबाईचे हात खाली आले. सव्वीस वर्षं या माणसाची सुतळी धरली. पण त्याच्या डोक्याला कुठं रेघ मारता येते, ते तिला आजतागायत कळलं नव्हतं. तिचं बोलून झालेलं होतं.

तिसरी ओळ खरंच खाली गेलीय का, ते बघायला त्यानं सवयीनं डावा डोळा मिटला.

भिंत नाहीशी झाली. उजव्या फटीत नुसता तांबडा उजेड. त्यानं बोटानं पापणी वर उचलली. भिंत धुरातून बघावी तशी दिसली. मग डावाही उघडला, पापणी तशीच धरून. आता ओळी दिसल्या, पण प्रत्येक अक्षराला चिकटून दुसरं अक्षर होतं, जसा ओल्या रंगावर कागद दाबून सरकवला असावा.

"बने," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की तिला आधी वाटलं, बंद दाराआड कुणी बोललं. "वळी दोन दोन दिसायल्यात गं."

तिनं तिथूनच वीरभद्रला फोन लावला.

जीप तेरवरून धाराशिवच्या रस्त्याला लागली. राजपाल तिच्या खांद्यावर डोकं टाकून बसला होता, अंग तव्यासारखं. ढोकी मागं पडली तेव्हा तो पुटपुटला, "काय बी करू दे त्यान्ला. पर दाढ काढू देऊ नगं."

"डोळा पायजे का दाढ?"

"डोळ्यासाठीच म्हनतोय की."

पुढं बसलेला वीरभद्र हसला नाही. त्यानं नुसती जीप जरा जोरात काढली.

दवाखान्यात डॉक्टरबाई होत्या, वयानं लहान. त्यांनी राजपालला बोटाच्या मागं डोळे फिरवायला सांगितले. उजवा डोळा वर वळेना. त्यांनी लगेच दोन फोन केले. एकामागं एक सुया लागल्या, सलाईन लागलं, गालाचा आणि डोळ्याचा फोटो झाला. मग त्या बनाबाईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मुळाशी पू साठलाय. पू वाट मिळेल तिकडं जातो. हा वर चढून डोळ्यापर्यंत पोचलाय. पू बाहेर काढायचा आणि दाढही काढायची, आजच. उद्या आला असतात तर डोळ्याचं मी काहीच सांगू शकले नसते. शेकलं होतं का?"

"शेकलं. नको म्हनलं तरी शेकलं."

"सही कोण करणार?"

राजपालनं हात पुढं केला, तो मागं घेतला, पुन्हा पुढं केला. आयुष्यात एवढं वाकडं अक्षर त्यानं कधी काढलं नव्हतं.

दोन दिवस डोळा बंदच होता. त्या दोन दिवसांत बनाबाई त्याला एक शब्द लावून बोलली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. तिसऱ्या दिवशी सूज उतरली, पापणी आपोआप उघडली. तिनं गोळ्यांचं पाकीट त्याच्या समोर धरलं.

"किती वळी?"

त्यानं आधी डावा डोळा मिटून बघितलं, मग दोन्ही उघडून. खूप वेळ लावला. "चार. एकेकच हायत."

तेव्हा कुठं ती कॉटच्या कडेला बसून रडली.

इथं गोष्ट संपली असती तर बनाबाईचं काही म्हणणं नव्हतं. पण नवव्या दिवशी ते घरी आले आणि बघायला माणसं येऊ लागली. राजपाल बाजेवर बसून सगळ्यांना सांगू लागला. त्यानं सांगितलेली गोष्ट अशी : वरची दाढ काढली, डोळ्याला धक्का बसला, पण माझा डोळा मूळचा बळकट म्हणून वाचलो. पहिल्यांदा तिनं ऐकलं तेव्हा तिला वाटलं, तापात बोलतोय. पण ताप नव्हता.

"आदी डोळा मिटला. मग दाढ काढली," ती आतून म्हणाली. "आसं सांगा."

"त्येच की. मागंम्होरं."

"मागंम्होरं न्हाय. आदी डोळा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी वरच्या आळीचा शंभुलिंग आला. गालावर हात धरून आला. त्याचीही वरचीच दाढ, महिनाभर ठणकत होती, आणि गावात फिरणारी गोष्ट ऐकून तो मुद्दाम विचारायला आला होता.

"पेंटर, तुमी भोगलंय म्हनून इचारतो. काढू का नगं?"

राजपालनं उत्तर द्यायच्या आत बनाबाई बाहेर आली.

"तोंड उघडा बरं, दादा. पुरं. हां. ताप येतोय का?"

"न्हाय."

"घास गिळतंय? गालाला सूज न्हाय ना? दाखवा. न्हाय. मग जीप नगं. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं जावा, दाताच्या डॉक्टरला दाखवा. पर उद्याच. आन आज रातच्याला गाल फुगला, न्हायतर ताप चढला, तर उद्याचीबी वाट बघू नगा. वीरभद्रच्या दारात जाऊन उभं ऱ्हावा."

"आन डोळ्याचं?"

"त्येन्लाच इचारा. आदी काय झालं त्ये."

दोघंही राजपालकडं बघू लागले. त्यानं बाजेची दोरी चाचपली. घसा साफ केला.

"आदी डोळा मिटला," तो म्हणाला. "दाढ मागनं काढली. काढली म्हनून डोळा ऱ्हायला. डॉक्टरबाईच म्हनल्या तसं."

शंभुलिंगनं मान हलवली. उद्या जातो म्हणाला. चपला पायात घातल्या. बनाबाईला वाटलं, गेल्या पंधरवड्यात एक तरी ओळ सरळ पडली.

"पर तार असती बरं का," बाजेवरून आवाज आला. "तार न्हाय आसं काय म्या म्हनत न्हाय."

शंभुलिंगनं चपला काढल्या आणि तो परत खाली बसला.

बनाबाईनं पदर खोचला. "तोंड उघडा," ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.