लोडिंगची नोटीस
परग्रहावरच्या यंत्रमानवांशी लढायचा तो जुना गेम नव्या टीव्हीवर चालेल असा करून पुन्हा आलाय, म्हणून परवा घेतला. त्याची सुरुवातीची किरकिर ऐकली आणि सानगडीचं घर, नव्या धानाचा वास, स्टॅबिलायझरची घरघर सगळं आठवलं. तेव्हा लोडशेडिंग रोजचंच होतं, आणि अचानक लाइन गेली की कंप्युटर बिघडतो हे बाबांनी फारच मनावर घेतलं होतं. गेम मधेच बंद पडला की पुन्हा पहिल्यापासून खेळावा लागे. त्या दिवशी सकाळपासून झुंजून मी एकदाची शेवटच्या ग्रहावर उतरत होते. पडदा काळा झाला आणि खाली इंग्रजीत ‘लोडिंग’ उमटलं. बाबांनी चष्मा लावून ते अक्षर-अक्षर वाचलं आणि सरळ प्लग उपटला. “काहून काढला जी?” मी रडवेली झाले. “लोडशेडिंगची नोटीस आली ना वं. वाचला तुहा कंप्युटर.” शेजाऱ्यांचा टीव्ही तर मजेत चालू होता. “त्यायले नोटीस नसंल आली,” बाबा म्हणाले. परवाही शेवटच्या ग्रहाआधी तोच शब्द उमटला. बाबा प्लगजवळच्याच खुर्चीत बसले होते. मी उठले आणि तो शब्द तळहाताने झाकून उभी राहिले.