एकविसावा हात

प्लास्टरबाईच्या मागच्या खोलीत वीस हात टांगलेले होते, आणि ते सगळे तिच्या घरच्यांचे होते. गॅसचं सिलिंडर आणणाऱ्या माणसाने एकदा चुकून त्या खोलीचं दार उघडलं. तेव्हापासून तो सिलिंडर उंबऱ्याबाहेर ठेवतो, बेल वाजवतो आणि जिन्यावरून धूम ठोकतो.

"पळेना का," ती म्हणायची. "माझे हात काही कोणाचा गळा धरत नाहीत."

हे मात्र तिलाही शपथेवर सांगता आलं नसतं.

गेली तीस वर्षं ती हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये होती. डॉक्टरांनी बसवलेल्या हाडावर ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि दीड महिन्याने करवतीने ते कवच कापून काढायचं, हे तिचं काम. आतला हात बारीक झालेला बघून पेशंट हमखास घाबरतो. "वापरला नाही म्हणून वाळलाय. वापरा, होईल पूर्वीसारखा," हे वाक्य तिने हजारदा म्हटलं असेल. आईच्या हातून पेला सुटायला लागला तेव्हा आईलाही तिने हेच सांगितलं होतं.

आईच्या हाताला आधाराची पट्टी करावी म्हणून तिने पहिला साचा घेतला. दातांचे डॉक्टर वापरतात ती पावडर पाण्यात कालवायची, ती घट्ट होईपर्यंत हात त्यात बुडवून ठेवायचा, मग अलगद ओढून घ्यायचा आणि मागे उरलेल्या पोकळीत प्लास्टर ओतायचं. दुसऱ्या दिवशी पांढरा हात बाहेर आला तो नखाच्या चिरेसकट, सुरकुतीन् सुरकुतीसकट. आणि अंगठा नि तर्जनीच्या बेचक्यात, पंजाच्या पाठीवर, एक खळगा होता. वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीला पडतो तसा. तीन महिन्यांनी पट्टी सैल झाली म्हणून तिने पुन्हा साचा घेतला, तर खळगा वाढलेला. मग ती घेतच राहिली. का, ते तिला सांगता आलं नसतं आणि आईने कधी विचारलं नाही. आईचे अकरा हात झाले.

आई गेल्यावर दादा एकदा त्या खोलीत आला आणि हसत म्हणाला, "माझाही घे की गं एक. गंमत म्हणून." गमतीत घेतलेल्या त्या हातालाही खळगा निघाला. दादाचे नऊ झाले, मग तोही गेला.

वीसही हात तिने मासे पकडायच्या तंगूसाने छतापासून सोडले होते, रांगेने. ज्या दिवशी ज्याचा हात जेवढा वर जात होता, तेवढ्याच उंचीवर. आईचा पहिला तोंडाशी पेला नेण्याच्या उंचीवर, शेवटचा खाटेच्या उंचीवर. पुढे दादाची रांग पुन्हा वरून सुरू व्हायची आणि पुन्हा खाली यायची.

मनगट मोडून घेतलेली एक बाई तिच्या टेबलावर आली नसती, तर हे घरातच राहिलं असतं. ती कलादालनाची व्यवस्थापक निघाली. बोलता बोलता विषय निघाला, बाई घरी आल्या आणि रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालल्या. मग म्हणाल्या, "हे लोकांनी बघायला हवं. फक्त शेवट असा गुडघ्याखाली नको. लोकांना वर बघायला काहीतरी द्या. घरातला एखादा तरुण, धडधाकट हात."

तसा तरुण हात घरात एकच होता, दादाच्या मुलीचा. वय सव्वीस. तान्ही असताना वेळीअवेळी किंचाळायची म्हणून दादाने तिचं नाव टिटवी पाडलं होतं. ती एका पार्लरमध्ये केस कापायची. हातापासून सुरू होऊन माणूस संपवणारा हा आजार तिच्यात उतरण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे, हे डॉक्टरांनी कधीच सांगितलं होतं. रक्त तपासून कळलं असतं, पण टिटवी तपासायला तयार नव्हती. "कळून काय करू? त्यापेक्षा दोन वर्षं नीट झोपते," ती म्हणायची.

वहिनीने फोनवरच तोफ डागली. "वन्सं, तुम्हाला दोन माणसं पुरली नाहीत का? आता माझी पोरगी टांगा!"

"अगं, चांगला हात म्हणूनच हवाय."

"चांगला आहे तर तिच्या अंगावर राहू द्या की. त्या रांगेत कशाला?" आणि मग एकदम हळू आवाजात, "मी तिच्या हाताकडे बघतच नाही हो. जेवताना मी तिच्या ताटाकडे बघते. चार वर्षं यांचा हात बघितला, तेवढं बास झालं."

टिटवी मात्र रविवारी दुपारी हजर झाली. बादलीत हात बुडवून उभी राहिली आणि तोंडाचा पट्टा सुरू. "आत्या, नेलपॉलिश उतरेल का साच्यात? आणि खाली नाव नको लिहूस हं. नाहीतर गिऱ्हाइकं म्हणतील, हिचा हात तर लोंबकळतोय, ही काय केस कापणार!"

"हलू नकोस गं बाई."

"कुठे हलतेय?"

"बोटं थरथरतायत."

"गार आहे ना पाणी," टिटवी म्हणाली. पाणी कोमट होतं.

सोमवारी ड्युटीवर जाण्याआधी प्लास्टरबाईने साचा फोडला. बेचक्यात खळगा होता. लहानसा, वाटाण्याएवढा. ओतताना हवा अडकली की असं होतं, हे तिला पाठ होतं. शिकाऊ पोरींना ती यावरूनच झापायची. नीट ठोकलं नाही आपण, तिने स्वतःला सांगितलं आणि पुढच्या रविवारी टिटवीला पुन्हा बोलावलं. या वेळी प्लास्टर थोडं थोडं ओतलं, प्रत्येक वेळी बादली ठोकली, हलवली. एकही बुडबुडा राहिला नाही. खळगा मात्र त्याच जागी, तेवढाच. हवा दोनदा एकाच जागी अडकत नाही, हेही तिला पाठ होतं.

त्या सोमवारी तिने हॉस्पिटलात एका माणसाच्या उजव्या पायाऐवजी डाव्या पायाला पट्टी गुंडाळायला घेतली. तो ओरडला म्हणून निभावलं.

घरी येऊन तिने चमचाभर प्लास्टर कालवलं, खळगा बुजवला, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासून गोलाई आणली. पोरीला एक छान दिवस मिळू दे, मग बघू कसं सांगायचं ते. असं ती दादाच्या वेळीही म्हणाली होती.

दालनात तो एकविसावा हात सगळ्यात उंच टांगला गेला. लोक पहिल्या हातापासून चालत यायचे, चौथ्या-पाचव्यापाशी त्यांची मान त्या खळग्याकडे वळायची, आणि तिथून पुढे सगळे फक्त तेच बघायचे. प्लास्टरबाईला आपण काय करून बसलो ते तेव्हा उमगलं. तिने येणाऱ्या-जाणाऱ्याला हा आजार वाचायला शिकवलं होतं.

टिटवी पार्लरमधून तशीच आली. तीही पहिल्यापासून चालत गेली. बापाच्या हातांपाशी हळू झाली. शेवटच्या हाताखाली तिने टाचा उंचावल्या, आपला उजवा हात त्याच्या शेजारी धरला आणि आळीपाळीने दोन्हींकडे बघितलं.

"आत्या, इथे तू हात फिरवलायस."

प्लास्टरबाईने नजर त्या पांढऱ्या हातावरून खाली आणली, टिटवीच्या हातावर.

"कात्री सुटायला लागली होती गं," टिटवी म्हणाली. "मला वाटलं, बोथट झालीय. दोनदा धार लावून आणली." तिने हात जॅकेटच्या खिशात घातला. "आईला नको सांगूस. तुला माझी शपथ."

"ती येणार नाही म्हणालीय."

"ती बघ, आली."

वहिनी दारातून आत शिरली होती. ती रांगेकडे वळलीच नाही. नवऱ्याच्या हातांकडे पाठ करून, भिंतीच्या कडेकडेने ती थेट शेवटच्या हातापाशी आली आणि मान वर करून बघत राहिली. चेहरा इतका सैल पडला, की चार वर्षांत प्लास्टरबाईने तो तसा पाहिला नव्हता.

"चांगला आहे," ती म्हणाली. "वन्सं, खरंच चांगला आहे हो हात. मी उगाच घाबरले. बाई, मी एवढी भांडले तुमच्याशी."

"आई, चल, चहा घेऊ," टिटवी म्हणाली.

"थांब गं. हे संपलं की मला द्या हा, वन्सं. उशाशी ठेवीन." तिने चवड्यांवर उभं राहून पांढरा पंजा दोन्ही हातांत धरला. चार वर्षं नवऱ्याचा हात चोळून चोळून तिची बोटं शहाणी झाली होती. ती मनगटावरून, बोटांच्या पेरांवरून, कातडीच्या बारीक जाळीवरून फिरत बेचक्यात आली, आणि तिथेच थांबली. पुन्हा मागे गेली, पुन्हा आली.

"इथे एवढं गुळगुळीत कसं?" वहिनी म्हणाली. "बाकी सगळीकडे कातडी उमटलीय. इथे काहीच नाही."

तंगूसावर तो हात हळूहळू फिरत राहिला. वहिनीने प्लास्टरबाईकडे पाहिलंच नाही. ती लेकीकडे वळली, तिच्या खिशाकडे.

"टिटवे," ती म्हणाली, "हात बाहेर काढ."