मशीन सुमनबाईंच्या नावावर

“सिस्टर, ही बाई आत्ता काय करतेय?” डॉ. प्रसादांनी स्क्रीनवरची नजर न हलवता विचारलं.

मला कसं ठाऊक असणार? सुमनबाई बेल्याला, आम्ही आदिलाबादला. पण रेषा थरथरत होती, म्हणजे पेशंट हलत होती. “वांगी तोडत असेल,” मी म्हटलं. तेवढ्यात एक ठोका गळला. मग दुसरा. रेषा नुसतीच थरथरत पुढे सरकत राहिली. बऱ्याच वेळानं ठोके परत सुरू झाले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीही श्वास धरून बसले होते.

“पॉज आहे,” डॉक्टर म्हणाले. “आणि हा आजचा पहिला नाही.”

तेलंगण वेगळं व्हायला तेव्हा अवकाश होता. हैदराबादच्या एका कंपनीनं आमच्या हॉस्पिटलात पायलट प्रोजेक्ट आणला होता. पेशंटच्या छातीला चिकटपट्ट्या, त्यांना जोडलेली काडेपेटीएवढी डबी आणि खिशात एक मोबाइल. डबी ठोके टिपायची, मोबाइल ते आमच्या स्क्रीनवर पाठवायचा. पेशंट आपल्या गावात आणि ECG आमच्यासमोर. याला रिमोट मॉनिटरिंग म्हणायचे. मशीन लावून देणं, पेशंटला शिकवणं आणि स्क्रीनसमोर बसणं ही कामं माझ्याकडे होती. डोळे दुखायचे, पण वॉर्डातल्या ड्यूटीपेक्षा बरं, असं मी सगळ्यांना सांगायची.

सुमनबाई आमच्या लाडक्या पेशंट. बेल्याला भाजीपाला पिकवायच्या. छातीत धडधड व्हायची म्हणून मशीन लावलं होतं. गोळ्यांनी इतका आराम पडला की आता मशीन काढून घ्यायचं ठरत होतं. आणि आज हे असं.

पॉज म्हणजे दोन ठोक्यांमधला खंड. हृदयाच्या वरच्या भागातून हुकूम निघतो, पण खालच्या भागापर्यंत पोचत नाही, म्हणून ठोका पडत नाही. त्याला हार्ट ब्लॉक म्हणतात. खंड लांबला की मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. आणखी लांबला तर उठत नाही.

मशीनच्या मोबाइलवर फोन लागायचा नाही, त्यातलं सिम फक्त डेटासाठी होतं. सुमनबाईंकडे स्वतःचा फोन नव्हता. त्यांच्या नवऱ्याचा, देवरावांचा नंबर लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. हॉस्पिटलची ॲम्ब्युलन्स एका पेशंटला घेऊन नागपूरला गेलेली.

“तुम्ही जा,” डॉक्टर म्हणाले. “मी स्क्रीनसमोर बसतो. फोन चालू ठेवा. तिला झोपवूनच आणा.”

देवराव आदिलाबाद-बेला रोडवर प्रवासी जीप चालवायचे. मी रिक्षानं तडक जीप स्टँड गाठला. ते नुकतेच सवाऱ्या उतरवून उभे होते.

“जय भीम, सिस्टर.”

“जय भीम राहू द्या. फोन काऊन उचलत नाही तुम्ही?” घाबरले की मीही घरच्यासारखी बोलते.

“गाडी चालवून राह्यलो होतो ना. काय झालं?”

“सुमनबाईंच्या मशीनवर काही बरं दिसत नाही. त्यांना घेऊन यायचं आहे. निघा.”

त्यांचा चेहरा उतरला. “सकायी तर चांगली होती,” एवढंच म्हणाले. जीप भरायची वाट न बघता त्यांनी गाडी काढली, आणि जीपवाल्यानं असं करणं मी कधी पाहिलं नव्हतं. परतीसाठी मागे येऊन बसलेल्या चार सवाऱ्याही चकित झाल्या. मी पुढे, त्यांच्या शेजारी बसले. कानाला फोन.

“मघाशी शांत बसली होती,” डॉक्टर सांगत होते. “आता पुन्हा हलायला लागली. कोणीतरी तिला झोपायला सांगा.”

“कोण सांगणार सर? आम्ही अजून वाटेतच, जैनदच्या पुढे आलोय.”

देवराव जीप अक्षरशः उडवत होते. दोन्ही बाजूंचा कापूस नुसता पांढरा पट्टा होऊन मागे जात होता. मी हळू म्हटलं की ते म्हणत, “माझं सोडा सिस्टर, तिचं सांगा.”

“पॉज,” कानात डॉक्टरांचा आवाज आला. “मोठा आहे हा.”

त्याच क्षणी जीप डांबर सोडून खाली उतरली. चाक मातीत घसरलं, मागच्या बाया किंचाळल्या. देवरावांनी कशीबशी गाडी परत रस्त्यावर घेतली.

“काय झालं?”

“काई नाई. जराशी अंधारी आली. येते मले कधी कधी.” कपाळावरचा घाम त्यांनी बाहीनं पुसला. थोडं पुढे गेल्यावर एकदम म्हणाले, “सिस्टर, रागावू नका. हे माझ्यामुळंच झालं.”

“काय तुमच्यामुळे?”

“तिचं मशीन म्या लावलं हाय.” एका हातानं त्यांनी शर्टाचं बटण काढलं. आत पट्ट्या आणि डबी. “मशीन लावलं तवापासून तिले आराम पडला. मले चक्कर येऊन राह्यले, तर ती म्हणे, मी आता बरी हावो, तुमी लावा चार रोज. आज सकायीच लावलं. आन् लगेच तिले झालं पाहा. घरी जाऊन पह्यलं तिले लावून देतो.”

ज्या हृदयासाठी आम्ही बेल्याला पळत होतो, ते माझ्या शेजारी स्टेअरिंग धरून बसलं होतं. मागे चार माणसं. आणि हा मनुष्य बायकोचं औषध आपण काढून घेतलं, या धास्तीनं आणखी जोरात चालवत होता.

खरं सांगावं तर तो दचकेल. न सांगावं तर थांबणार नाही. “थांबवा,” म्हटलं तर म्हणाले, “आता थांबून कसं जमन?” मग मी साफ खोटं बोलले. “देवराव, चालत्या गाडीत मशीन काढलं तर बिघडतं. बाजूला घ्या. मी नीट काढून देते, म्हणजे घरी गेल्याबरोबर त्यांना लावता येईल.”

हे त्यांना पटलं. जीप बाभळीखाली थांबली. मी आधी किल्ली काढून मुठीत घेतली आणि मग बोलले. “सुमनबाईंना काही झालेलं नाही. बिघाड तुमच्या हृदयात आहे.”

“असं कसं?” ते म्हणाले. “मशीन तर तिच्या नावावर हाय.”

आणि त्यांचे डोळे फिरले. डोकं माझ्या खांद्यावर आलं.

“सिस्टर, ठोका नाही,” कानात डॉक्टर. “बाई कुठे आहे?”

“बाई नाही सर, नवरा. माझ्यासमोर आहे.” फोन पडला. सवाऱ्यांनी त्यांना ओढून खाली मातीत निजवलं आणि मी छाती दाबायला लागले. मोजणं मला आठवत नाही. मी त्यांना शिव्या देत होते, एवढं आठवतं. शेवटी ते खोल श्वास घेऊन जागे झाले आणि क्षीण आवाजात म्हणाले, “सवाऱ्याइले उशीर होऊन राह्यला.”

समोरून आलेल्या जीपवाल्यानं आपली भरलेली गाडी तिथंच सोडली आणि देवरावांची जीप आदिलाबादला पिटाळली. डॉक्टरांनी शिरेतून वायर घालून तात्पुरता पेसमेकर लावला. पेसमेकर म्हणजे ठोका चुकला की हृदयाला ढुशी देणारं यंत्र. कायमचा नंतर हैदराबादला बसला.

संध्याकाळी कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. “सिस्टर, म्हणजे तो डेटा रॉंग पेशंटचा?”

“माणूस वाचला, सर.”

“ते छानच झालं. पण तो एनरोल नव्हता ना. डिव्हाइस मिसयूजमध्ये टाकावं लागेल.”

टाकलं. प्रोजेक्टच्या रिपोर्टात देवराव आमचं अपयश म्हणून गेले. त्यानंतर मशीन लावताना चार्जिंग, अंघोळ, चिकटपट्टी हे सगळं नंतर. पहिलं वाक्य ठरलेलं: हे औषध नाही, यानं कोणी बरं होत नाही, हे फक्त आतलं सांगतं, म्हणून दुसऱ्याला द्यायचं नाही.

ते वाक्य मी सगळ्यात आधी सुमनबाईंना ऐकवलं, चांगलं दरडावून. त्या आयसीयूबाहेर बाकावर बसल्या होत्या, हाताला वांग्याचे काटे लागलेले. शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे ते आतलं सांगते,” त्या म्हणाल्या आणि आयसीयूच्या दाराकडे हात केला. “मंग माह्यापाशी सांगासारखं काई उरलं नव्हतं, यायच्यापाशी होतं. यायले दिलं तर माझं काय चुकलं, सिस्टर?”

मी ते वाक्य अजूनही प्रत्येक पेशंटला सांगते. फक्त पूर्वीइतकं दरडावून सांगत नाही.