वैशाखात लावलेले लिंब

भूकंपानंतर अडीच वर्षं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढली. मग पुनर्वसनाच्या नव्या गावात घर मिळालं. पक्क्या भिंती, वर स्लॅब, पुढं मोठं अंगण. ताबा मिळाला तो ऐन वैशाखात. अंगणात गवताची काडी नव्हती, नुसता मुरूम.

माय त्या घरात गेलीच नाही. जुनं घर पडलं तेव्हा माझी धाकटी बहीण तिच्या कुशीत होती. ढिगाऱ्यातून माय जिवंत निघाली, बहीण नाही. पत्र्याखाली ती कशीबशी राहिली, पण डोक्यावर स्लॅब बघितला आणि उंबऱ्यातूनच मागं फिरली. डोक्यावर पदर घेऊन ती दिवसभर उन्हात बसायची.

"अंगणात लिंब लावते," ती म्हणाली. "त्याच्याखालीच राहीन मी."

माझे वडील शाळामास्तर. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. दरवर्षी शाळेत मुलांकडून झाडं लावून घ्यायचे. ते म्हणाले, "अगं, ही काय झाड लावायची वेळ हाय का? मृग लागू दे, दोन-तीन पाऊस पडू दे. जमीन आतून थंड झाली की लावू."

"अन् तवर मी कुठं बसू?"



मायनं टिकावानं मुरूम फोडला आणि कडुलिंबाचं रोप लावलं. आठवड्यात ते करपलं. दुसरं आणलं, त्याला गोणपाटाचा आडोसा केला. तेही गेलं. पाण्याचा टँकर तीन दिवसांनी यायचा. माय स्वतःच्या वाट्याचं पाणी रोपाला घालायची. मी अंघोळ केली की खालचं पाणी पातेल्यात भरून तिला द्यायची. तिसरं रोप वाळलं त्या दुपारी ती त्या खड्ड्याशीच कोसळली. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे वर फिरलेले.

लातूरच्या दवाखान्यात पाच दिवस सलाईन लागलं. तिथंही छताखाली ठेवू नका म्हणून ती रडायची. अण्णा खाटेशी बसून तिचा हात दाबत राहायचे. सहाव्या दिवशी आम्ही परतलो, तेव्हा वाटेतल्या रोपवाटिकेत उतरून अण्णांनी स्वतः लिंबाचं रोप घेतलं. घरी येताच टिकाव उचलला.

मी म्हणाले, "अण्णा, जगणार न्हाई हे. तुम्हीच सांगता की शाळेत."

"ठावं हाय मला," ते म्हणाले आणि खणत राहिले. भर दुपारी, घामानं निथळत, वर न बघता. माय बघत होती. ते रोप चार दिवसांत गेलं. पण त्यानंतर तिनं हट्ट सोडला. अण्णांनी तुराट्यांचा मांडव घालून दिला आणि ती त्याखाली बसू लागली.

पाऊस त्या वर्षी उशिरा आला. जमीन हातभर ओली झाल्यावर, आषाढात, अण्णांनी सहा लिंब लावले. काही शेळ्यांनी खाल्ले, काही पुढच्या उन्हाळ्यात वाळले. एकच जगला.

मी अकरावीला लातूरला गेले. तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून मुलं तिथं शिकवण्यांना येत होती, आणि गल्लीगल्लीत मजल्यांवर मजले चढत होते. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर. माय एकदा भेटायला आली. जिन्याशी थांबली, वर येईना. मी खाली गेले तर रस्त्याच्या मधोमध उन्हात उभी, रिक्षावाले ओरडत होते.

"इतक्या वर निजतीस तू?" तिनं माझा दंड धरला. "चल घरी. आत्ताच्या आत्ता चल."

"माय, पुढच्या महिन्यात परीक्षा हाय."

"मला एकच राहिलीस गं तू."

मी हात सोडवून घेतला. ती रडत एस.टी. स्टँडकडं गेली आणि मी वर जाऊन पुस्तक उघडलं. एक अक्षर दिसेना.

बारावीला मला मार्क कमी पडले. मेडिकल हुकलं. निकाल घेऊन मी घरी गेले तेव्हा लिंबाखाली बाज होती, सावली जेमतेम बाजेएवढी. माय सरकली, मला जागा दिली. मार्क विचारलेच नाहीत. अण्णा म्हणाले, आणखी एक वर्ष लातूरला राहून बघ. मायनं माझा हात हातात घेतला, आणि मी अण्णांना नाही म्हणून सांगितलं.