मावशीचं मोटेल आणि माझं ‘येतो’

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या हायवेवर मावशीचं मोटेल होतं आणि त्याच्या तोडीचं मोटेल अख्ख्या अमेरिकेत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. माझा पुण्याचा मित्र म्हणतो की ते मोटेल नव्हतंच, एका ओळीत मांडलेली बारा खुराडी होती. मी चाळीस खोल्या सांगतो, तो बारा सांगतो. तो आयुष्यभर सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करत आला आहे. दुसऱ्याच्या चुका काढल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. तेव्हा या लेखात जिथे आकडा येईल तिथे माझाच धरावा.

२००१ साली आमच्या कंपनीनं आम्हा दोघांना त्या मोटेलात आणून टाकलं. मी नागपूरचा, तो पुण्याचा, खोली एक. आम्ही बेंचवर होतो, म्हणजे व्हिसा आहे, कंपनी आहे, पण काम नाही. त्या वर्षी ज्याला फोन करावा त्याचा प्रोजेक्ट कॅन्सल झालेला असायचा. रोज सकाळी आम्ही इस्त्रीचे शर्ट घालून तयार व्हायचो आणि कुणी बोलवत नाही म्हणून नाश्त्याला जायचो.

मोटेलच्या ऑफिसला लागून एक लांबट खोली होती. आठ स्टुलं, एक कट्टा आणि कट्ट्यामागे तवा. तवा कसला, त्यावर चार जोडप्यांची लग्नं लागली असती आणि वऱ्हाडाला बसायला जागा उरली असती. त्या तव्यासमोर सत्तरीची एक गोरी बाई उलथनं घेऊन उभी असायची. नवरा गेल्यापासून खोल्या, चादरी, नळ आणि नाश्ता असं सगळं ती एकटी बघायची. दोन डॉलरात दोन अंडी, बटाट्याच्या परतलेल्या फोडी, टोस्ट आणि कॉफी. कॉफी संपायची नाही, पिणारा संपायचा.

ती सगळ्यांना लाडानं ‘हनी’ म्हणायची, पण तोंडातल्या तोंडात, अर्धंच. मला ऐकू यायचं ‘हाण’. उलथनं हातात घेऊन एक धिप्पाड बाई रोज सकाळी ‘हाण, हाण’ म्हणत अंगावर येते म्हटल्यावर मी पहिला आठवडा दाराजवळच्या स्टुलावरच बसलो. पुणेकराची अडचण वेगळी होती. तो अंडं खात नसे.

“मला अंड्याशिवाय ऑम्लेट मिळेल का?” त्यानं पहिल्या दिवशी विचारलं.

“अंड्याशिवाय ऑम्लेट म्हणजे नुसती प्लेट, हन,” ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवसापासून तव्याचा एक कोपरा तिनं त्याच्यासाठी वेगळा ठेवला. कांदा, मिरची, बटाटे, आणि त्या कोपऱ्यापुरतं उलथनंही वेगळं. तिला कुणी सोवळं शिकवलं नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही तिला मावशी म्हणायला लागलो. अर्थ विचारला तेव्हा ‘आईची बहीण’ असं सांगितलं. ती म्हणाली, “मला बहीण नाही. पण आता म्हणताच आहात, तर म्हणा.”

मी मात्र खाल्ल्या बटाट्याला जागणारा माणूस नव्हे. रोज शेवटची फोड तोंडात टाकली की सुरू व्हायचो. मावशी, हे ठीक आहे, पण आमच्या नागपूरचे तर्रीपोहे बघायला हवेत तुम्ही. पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा, वर लाल तवंग. पहिल्या घासाला कानातून वाफ निघते, दुसऱ्या घासाला विसरलेली गणितं आठवतात. मी स्वतः केले तर गाव गोळा होतं. पहिल्या स्टुलावर रोज एक दाढीवाला ट्रक ड्रायव्हर बसायचा. तो हे सगळं मन लावून ऐकायचा आणि म्हणायचा, “हा मुलगा काम न करता इतका दमतो, कामाला लागला तर मरेल.”

जूनमध्ये पुणेकराला जर्सी सिटीत नोकरी मिळाली आणि पाठोपाठ मला नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीत प्रोजेक्ट मिळाला. निघायच्या सकाळी बॅग घेऊन कट्ट्यापाशी गेलो आणि सवयीनं मराठीतच म्हणालो, “येतो, मावशी.”

“म्हणजे काय?”

मी इंग्रजीत सांगितलं, “म्हणजे, मी येतो.”

“कधी?”

आता काय सांगणार? घरातून निघताना ‘जातो’ म्हणालो असतो तर आमच्या आईनं देव्हाऱ्यापासून ओट्यापर्यंत बोलून घेतलं असतं. ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. त्यात येण्याचा काही बेत असतो असं नाही. पण हे सगळं त्या घाईत कोण समजावणार. मी म्हणालो, “लवकरच.”

तिनं मान डोलावली आणि सात नंबरची, म्हणजे आमच्या खोलीची, किल्ली खिळ्यावरून काढून ॲप्रनच्या खिशात टाकली. ते मी पाहिलं. त्याचा अर्थ लावला नाही.

इथे एक गोष्ट न फुगवता सांगतो. कॅरीत असताना मला त्या बाईची एकदाही आठवण आली नाही.

चार महिन्यांत तो प्रोजेक्टही कॅन्सल झाला. कंपनीनं कळवलं की बेंच बंद, गेस्टहाउस बंद. नवीन इंटरव्ह्यू मिळतात का ते तू बघ, दोन महिन्यांत काही जमलं नाही तर परतीचं तिकीट. नागपुरात बाबांनी मुलगा अमेरिकेत मोठ्या हुद्द्यावर असल्याचं गल्लीत सांगितलं होतं. अतिशयोक्ती आमच्याकडे वडिलोपार्जित आहे. परत जाऊन त्या गल्लीतून चालण्यापेक्षा मी अटलांटिक पोहून उलट्या बाजूनं निघालो असतो. इंटरव्ह्यू सगळे न्यू जर्सीत. म्हणून बसनं एडिसनला आलो. दोन बॅगा आणि एक कुकर. हायवे रुंद करायचं काम निघालं होतं आणि त्या कामगारांनी झाडून सगळी मोटेलं भरली होती. मी सात ठिकाणी विचारलं. पुणेकर तीन सांगतो, पण तो तेव्हा जर्सी सिटीत नोकरी करत होता, त्यानं बोलू नये.

शेवटी दुपारी मावशीच्या दारात उभा राहिलो. बाहेर ‘जागा नाही’ची पाटी होती. तिनं वर बघितलं, ॲप्रनच्या खिशातून किल्ली काढली आणि कट्ट्यावर ठेवली.

“लवकर म्हणाला होतास,” ती म्हणाली. “चादरी दोनदा बदलल्या मी.”

ट्रकवाला स्टुलावरून म्हणाला, “तर हाच तो. आम्हाला वाटलं, हिनं मनातच तयार केलेला माणूस आहेस तू. अर्धा हायवे तुझ्या खोलीच्या दारावरून परत गेलाय.”

नंतर पुणेकराकडून कळलं. तो रविवारी नाश्त्याला यायचा, त्याला ती रिकामी खोली दिसली. त्यानं तिला नीट समजावलं होतं की ही बोलायची पद्धत आहे, आमच्यात निघताना सगळेच ‘येतो’ म्हणतात.

“मग? काय म्हणाली?” मी विचारलं.

“म्हणाली, म्हणजे तुमच्यात सगळेच परत येतात. मी हार मानली. पहिल्यांदाच.”

मी तिला खोली अडवल्याबद्दल काय देऊ, असं विचारलं. ती म्हणाली, “तो नाश्ता दे. ज्यानं गणितं आठवतात तो.”

आता आली पंचाईत. मी जन्मात पोहे केले नव्हते. गाव गोळा व्हायचं ते माझ्या आईच्या पोह्यांना. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून पोह्यांची चार पाकिटं आणली, कॉलिंग कार्डावर आईला फोन लावला. आई म्हणाली, पोहे भिजव. किती वेळ, ते सांगायच्या आत कार्ड संपलं. मी रात्रभर भिजवले. त्यातही आणले होते पातळ पोहे, चिवड्याचे. रविवारी सकाळी पातेल्यात जे होतं ते खाण्यापेक्षा लिंपण्याच्या कामाचं होतं.

पुणेकरानं चमच्यानं एकदा उचलून बघितलं. “पोस्टर चिकटवायला उत्तम,” तो म्हणाला. “भिंत आण.”

पण हरभऱ्याचा रस्सा जमला होता, तो आईनं आधी सांगितला होता. मावशीनं पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तो लगदा सरळ तव्यावर ओतला. तेल सोडून त्याच्या खरपूस वड्या परतल्या, वर रस्सा घातला आणि आठही स्टुलांपुढे ठेवल्या. ट्रकवाला पहिल्या घासाला लाल झाला, दुसऱ्याला त्यानं टोपी काढली. “काय आठवलं?” मावशीनं विचारलं. “माझी पहिली बायको,” तो म्हणाला, आणि प्लेट पुढे केली.

पुढच्या रविवारी मी जाड पोहे आणले आणि ते फक्त धुतले. तेही जमले. पण गिऱ्हाइकांनी वड्याच मागितल्या. मोटेलच्या फळ्यावर मावशीनं खडूनं लिहिलं, ‘नागपूर, फक्त रविवारी’. विदर्भाबाहेरच्या कुठल्या फळ्यावर आमच्या गावाचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत लिहिलं गेलं असेल, तर मला दाखवावं. त्या फळ्यापुढे मी फोटो काढून घेतला. तो बाबांनी गल्लीत दाखवला आणि मुलानं अमेरिकेत हॉटेल काढल्याचं सांगितलं.

दोन महिन्यांना सहा दिवस उरले असताना मला फोनवर इंटरव्ह्यू आला, मोटेलच्या ऑफिसमधल्या फोनवर. मावशीनं तवा बंद केला. नाश्त्याच्या ऐन वेळी बंद केला, आणि आठ धटिंगण माणसं अर्धा तास कच्च्या अंड्यांसमोर गप्प बसली. मला नोकरी मिळाली, कॅरीच्या शेजारी मॉरिसव्हिलला. निघताना पुन्हा कट्ट्यापाशी गेलो. या वेळी तो शब्द तोंडातून सहज निघेना. म्हटला तर पाळावा लागणार होता.

“येतो,” मी म्हणालो.

“कधी?”

“नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या रविवारी. दर वर्षी.”

आणि मी आलो. लग्न झालं तेव्हा बायकोला घेऊन आलो. मुलगी झाली तेव्हा तिला कट्ट्यावर ठेवून मावशीनं बटाटे परतले. दर वर्षी यावं तर आजूबाजूला काहीतरी नवीन उगवलेलं असायचं. समोर साड्यांचं दुकान आलं, शेजारी डोशाचं हॉटेल, पलीकडे दागिन्यांचा काचेचा महाल. नवीन पोरं पुण्याहून, हैदराबादहून यायची ती चकचकीत हॉटेलांत उतरायची, जिथे नाश्ता फुकट असतो आणि तो करणारं माणूस दिसत नाही. मावशीच्या बारा… चाळीस खोल्यांत आता रविवारीच गर्दी असायची.

२००८च्या उन्हाळ्यात पुणेकराचा फोन आला. “ती मोटेल विकतेय. पाडून तिथे हॉटेल होणार आहे. या रविवारी शेवटचा नाश्ता. ती ओहायोला मुलीकडे राहायला जाणार.”

“मला फोन का नाही केला तिनं?”

“मी विचारलं. म्हणाली, त्याचा रविवार नोव्हेंबरात असतो. त्याला वाटेल मी शब्द मोडला.”

त्या वीकेंडला आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, रजा बंद होत्या. मॅनेजरला सांगितलं, मावशीकडे कार्य आहे. मॉरिसव्हिल ते एडिसन मी सहा तासांत गेलो. नऊ लागतात, पण जाड पोह्यांचं पोतं शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवलं होतं आणि ते घाई करत होतं.

त्या सकाळी आठ स्टुलांवर आठशे माणसं होती. पुणेकरसुद्धा ‘खूप होती’ म्हणतो, यावरून काय ते समजा. दाढीवाला आता पांढऱ्या दाढीचा झाला होता. मी कांदा चिरला, मावशीनं तवा सांभाळला, आणि पुणेकरानं, ज्यानं आयुष्यात कुणाला पाणी दिलं नाही त्यानं, प्लेटा वाढल्या. दुपारी तिनं तवा पुसला. रोजच्यासारखाच, उद्या लागणार असल्यासारखा. मग फळा उतरवला. खिळ्यावरच्या किल्ल्या एका डब्यात टाकल्या. सात नंबरची मात्र माझ्यापुढे ठेवली.

“नवीन लोक कार्डं वापरणार आहेत,” ती म्हणाली. “ही त्यांच्या काय कामाची?”

मी किल्ली उचलून शर्टाच्या खिशात टाकली. ओहायोहून मुलगी गाडी घेऊन आली होती. मावशी गाडीत बसली, काच खाली केली आणि आमच्याकडे बघून स्वच्छ म्हणाली, “येतो.”

गाडी हायवेला लागेपर्यंत आम्ही दोघं पार्किंगमध्ये उभे होतो.

“‘येते’ पाहिजे,” पुणेकर म्हणाला. “बाई आहे ती. आपण पुरुष, म्हणून ‘येतो’ म्हणायचो.”

“मग सांगायचं ना. सात वर्षं माझं मराठी दुरुस्त केलंस.”

त्यानं चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. “आली की सांगू,” तो म्हणाला.

मॉरिसव्हिलच्या आमच्या घरात खाली एक खोली आहे. दारावर सात नंबरची किल्ली टांगली आहे, आत चादर घातलेली असते. पुणेकर परवा पहिल्यांदा राहायला आला तेव्हा बॅग घेऊन थेट तिकडे वळला. मी त्याला हॉलमधला सोफा दाखवला. तो सोफ्यावर आडवा झाला.

“चादर बदल रे तिथली,” थोड्या वेळानं तो तिथूनच म्हणाला. “मागच्या महिन्यातली दिसतेय.”