पहिल्या ताऱ्यांची भांडी

भुजंगसर गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोरेगावहून सेनगावला जीपने निघालो होतो. "असं कसं? परवा तर माझ्याशी भांडले..." एवढंच माझ्या तोंडून निघालं. सर विज्ञान शिकवायचे, मी मराठी. उभी नोकरी एकाच शाळेत झाली आणि आमचं एकाही गोष्टीवर कधी एकमत झालं नाही. असा मित्र पुन्हा मिळायचा नाही.

आकाशाचं त्यांना भारी वेड. एकदा त्यांच्याकडे चहा पिताना मी डिवचलं, "सर, इतक्या लांबच्या दीर्घिकेत काय काय हाय, हे इथं बसून कळतंच कसं? थापा मारून राहिले तुमी."

सरांनी फळीवरचा, लग्नात आहेर आलेला तांब्या काढला. त्यावर त्यांच्या पत्नीच्या, सुमनवहिनींच्या मामांचं नाव घातलेलं होतं.

"या मामाला पाहिलं का तुमी?"

"न्हाई."

"पण ते होते अन् देऊन गेले, हे बराबर कळलं ना? ताऱ्याचा प्रकाश लोलकातून फाकवला की त्यात अशाच रेघा दिसतात. ही कार्बनची, ही लोखंडाची... समदी आधी मेलेल्या ताऱ्यांनी दिलेली भांडी. ज्याच्या फळीवर लोखंड जवळपास न्हाईच, तो लई आधीचा."

"अन् अगदी पहिल्या ताऱ्यांची फळी?"

"हायड्रोजन, हेलियम अन् नावाला लिथियम. त्यांना आहेर करणारं कुणी नव्हतंच. पण देणं सुरू केलं ते त्यांनीच."

आमच्याकडे तेरवीला गेलेल्या माणसाचं नाव घालून पेले वाटतात. सरांचे धाकटे भाऊ पेल्यांचं पोतं घेऊन नाव घालायला निघाले, तर वहिनींनी दारातच अडवलं.

"नाव न्हाई घालायचं."

"काहून, वहिनी? लोकं दादाला विसरून जातील!"

वहिनींचा आवाज जराही हलला नाही. "पहिला तारा अजून कुणाला नीट दिसला न्हाई, हे तुमचे दादाच सांगायचे. त्यानं दिलेलं दुसऱ्याच्या अंगात सापडतं, त्यावरून तो कळतो. यांनी दिलेलं ज्याच्यात असंल, त्याला नाव कशाला पायजे?"

भाऊ रागावले. खरं सांगतो, मलाही वाईट वाटलं. मित्राचं नाव कुठंतरी राहावं, असं माझ्याही मनात होतंच. पण वहिनी हटल्या नाहीत. पेले कोरेच वाटले गेले.

आता दोनेक महिने झाले. आमच्या घरातल्या भांड्यांवर इतकी नावं आहेत, पण ती कुणी वाचत नाही. सरांचा पेला मात्र हातात घेतला की पाहुणा तो फिरवून फिरवून बघतो आणि विचारतो, "यावर नाव कसं न्हाई?" मग त्याचा चहा निवतो, आणि मी, मराठीचा मास्तर, पहिल्या ताऱ्यांपासून सुरुवात करतो...