दोन्ही हात गुंतले की

आमच्या व्यसनमुक्ती केंद्राची जीप गुरुवारी वडशाहून गावांकडे निघते आणि संध्याकाळी किश्श्यांनी भरून परत येते. मी समुपदेशक, शकीलाबाई नर्स. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुन्याचा घोटा, खाणाऱ्या गरोदर बायांना उपचाराशी बांधून ठेवायचं, हे आमचं काम.

*

पहिल्याच दिवशी मी तंबाखूवर भाषण ठोकलं. बायांनी मन लावून ऐकलं. शेवटी एकीने पाहुणचार म्हणून मलाच खर्रा पुढे केला. “घ्या ना मॅडम, घसा सुकला असंन!”

*

तेव्हापासून सुरुवात शकीलाबाई करतात. त्या खर्र्याचं नावच काढत नाहीत. आधी “जेवली का?”, मग “झोप लागते का?”

वनिताचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. गाव तिलाच बोल लावायचं, आणि मळमळ थांबते म्हणून सासूच खर्र्याची पुडी हातात द्यायची. दुसऱ्यांदा दिवस गेल्यावर आमची जीप दिसली की वनिता धानाच्या बांधीत पळायची. एकदा शकीलाबाई सरळ बांधीत उतरल्या आणि तिच्याशेजारी तण निंदायला लागल्या. बऱ्याच वेळाने वनिताच बोलली, “बाई, हे लेकरू वाचलं पायजे. मी काय करू?”

*

“दोन्ही हात गुंतव,” बाई म्हणाल्या. प्लास्टिकच्या पन्नीतला खर्रा घोटायला दोन हात लागतात ना! तल्लफ आली की वनिता बाळाचं दुपटं शिवायला घ्यायची. ते इतकं वाढलं की नवराच पांघरून झोपू लागला.

*

नवरा गुणाचा. बायकोने महिनाभर खर्रा खाल्ला नाही, या आनंदात त्याने तिच्यासाठी काय आणावं? चौकातला स्पेशल खर्रा! “खुशी कशी करतेत मंग?” त्याने आम्हालाच विचारलं. मी हसले, पण वनिता रडत होती, कारण तिला तो खर्रा हवा होता. तिची तल्लफ उतरेपर्यंत शकीलाबाई तिचे हात धरून बसल्या.

*

मुलगी झाली. ती रडली आणि आम्ही दोघीही रडलो.

*

मागच्या गुरुवारी वनिताकडे गेलो. सासू ओसरीवर नातीला मांडीवर घेऊन बसलेली. कमरेची खर्र्याची पुडी चाचपत म्हणाली, “वनिता, पोरीले घे वो जरा.”

“घेतो ना, आई,” वनिता म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली.

थोड्या वेळाने पुन्हा हाक आली. “घेतो ना.”

शकीलाबाई चहा पीत होत्या, उठल्या नाहीत. मीही उठले नाही.

तेवढ्यात पोरीने म्हातारीचं बोट मुठीत घट्ट धरलं. म्हातारीने आमच्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मग नातीला म्हणाली, “तू बी याईलेच सामील हायेस का वो?”